फ्रिस्कोचा इतिहास: थोडा मास्तरांचा, थोडा माझा

टेक्सासातल्या फ्रिस्को गावाचा इतिहास माझ्याइतका कोणाला पाठ नाही. पाठ असणारच, निम्मा मीच रचलाय.

मी आठवीत दोन मुक्काम करून शाळा सोडली, साताऱ्यात गॅरेज चालवलं, आणि दोन हजार सात साली मुलाने आम्हा नवराबायकोला इकडे आणून टाकलं. पोरं-सुना सकाळी ड्राइव्ह करत ऑफिसला पळतात. आम्हा म्हाताऱ्यांना ना गाडी, ना काम. मग कॉलनीतल्या तळ्याजवळचा बाक धरायचा आणि दिसेल त्याला गावाची माहिती द्यायची. माहिती नसली तर बनवायची. असे किस्से सुनेच्या फ्रीजमधल्या डब्यांसारखे साठत जातात. कुठला ताजा, कुठला शिळा, उघडल्याशिवाय कळत नाही.

*

बाकावर माझ्या शेजारी गोडबोले मास्तर बसायचे. जन्मभर पुण्यात भूगोल शिकवलेला माणूस, आता लेकीकडे मुक्कामाला. फ्रिस्को पडलं पोळपाटासारखं सपाट. मास्तरांना टेकडीवाचून करमेना. जावयाला म्हणाले, "रविवारी एखादा उंचवटा तरी दाखवा."

जावयाने तासभर फिरवलं आणि शेवटी हायवेच्या फ्लायओव्हरवर गाडी चढवली. "बाबा, याच्यापेक्षा उंच इथे काही नाही."

मास्तरांनी काच खाली केली, चारी दिशा न्याहाळल्या. म्हणाले, "छान. उतरायची पायवाट कुठंय?"

*

बाकावरच्या तिसऱ्या म्हणजे नागपूरच्या शकूमावशी. त्यांच्या मुलाच्या कॉलनीच्या नावात ओक होता, हिल होती आणि ओढाही होता. प्रत्यक्षात तिन्ही नव्हते. मी त्यांना सांगितलं, "मावशी, इथली पद्धतच आहे. घरं बांधताना जे काढून टाकलं, त्याचं नाव कॉलनीला द्यायचं. आठवण म्हणून."

मावशींना मुळीच नवल वाटलं नाही. "आमच्याकडे आमराई नावाची कॉलनी आहे नं, नानाभाऊ. आंबा तिथं फक्त हातगाडीवर येतो."

*

गावच्या एका पार्कात लांब शिंगांच्या बैलांचे धातूचे पुतळे आहेत. मास्तरांनी मावशींना समजावलं की रेल्वे येण्याआधी या भागातून गुरांचे मोठमोठे कळप हाकत नेत. मी फक्त एवढंच जोडलं, "आणि पोळ्याला कोणी विचारत नाही, म्हणून बिचारे असे तोंड पाडून उभे आहेत."

मावशींनी ते मनाला लावून घेतलं. पोळ्याच्या दिवशी मला सोबत घेऊन भर उन्हात पार्कात हजर! हळदकुंकू, झेंडूची माळ आणि डबाभर पुरणपोळ्या. सगळ्यात मोठ्या बैलाला टिळा लावून झाला, माळ शिंगात अडकवली, तेवढ्यात पोलीस आला. त्याने विचारलं, काय चाललंय? मावशींना इंग्रजी येईना, मला जेमतेम. मी म्हणालो, "बर्थडे."

"कोणाचा?"

मी बैलाकडे बोट दाखवलं. पोलिसाने बैलाकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, मावशींनी पुढे केलेली पुरणपोळी उभ्याउभ्या खाल्ली. जाताना टोपीला हात लावला आणि बैलाला म्हणाला, "हॅपी बर्थडे, सर."

*

मग दिवाळीत इथल्या मराठी मंडळाने मास्तरांचं भाषण ठेवलं. विषय 'आपलं फ्रिस्को'. अमेरिकेत आल्यापासून मास्तरांना कोणी काही विचारत नव्हतं. रस्तासुद्धा जावई गाडीतल्या यंत्राला विचारायचा. त्यामुळे मास्तर महिनाभर लायब्ररीत वाचत बसले. आदल्या दिवशी मला म्हणाले, "नाना, हे पडलं तर मी पुन्हा कुणाला काही शिकवायला जाणार नाही." मीही त्या दिवशी चेष्टा केली नाही.

भाषण झकास सुरू झालं. मास्तर म्हणाले, "वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, म्हणून इथे रेल्वे थांबायला लागली. ते पाहून शेजारच्या जुन्या वस्तीतल्या काही लोकांनी आपली घरं ओंडक्यांवर ठेवली आणि घरंगळत रुळांपाशी आणली."

सगळा हॉल हसला. मास्तरांना कळेना, विनोद कुठे झाला. एक पोरगा उठला. "सर, घरं कोण ढकलत आणेल यार? आणि पाण्याचं तर निमित्त होतं. इंजिन ड्रायव्हरला इथल्या एका बाईच्या हातची कॉफी आवडायची, म्हणून तो थांबायचा. नानाकाकांनी सांगितलंय." आणखी चार-पाच माना डोलल्या. कोणीतरी म्हणालं, "हो, आम्हालाही."

मास्तरांचा चेहरा उतरला. हातातले कागद ते उगाच खालीवर करू लागले. मी उठून म्हणालो, "अरे, मास्तर म्हणतात तेच खरं. कॉफी माझी." तर सगळे आणखी हसले. "काका, आता मास्तरांना सांभाळून घेऊ नका!"

पहिल्या रांगेत मास्तरांच्या लेकीची शेजारीण बसली होती. बेटी नावाची, ऐंशीच्या घरातली, याच गावात जन्मलेली. लेक तिच्या कानात सगळं इंग्रजीत सांगत होती. बेटीने हात वर केला आणि बोलायला लागली. लेक माईकवर मराठीत सांगू लागली, "त्या म्हणतात, सर बरोबर आहेत. त्या स्वतः लहानपणी अशाच घरंगळत आणलेल्या घरात राहायच्या."

मास्तरांनी कागद सरळ केले, चष्मा वर सरकवला.

मला राहवेना. मी विचारलं, "आणि कॉफीचं?"

बेटीने मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. मग सावकाश काहीतरी बोलली. लेक हसू दाबत म्हणाली, "त्या म्हणतात, अशा कॉफीच्या गोष्टी त्यांचे आजोबाही रचून सांगायचे. म्हणून आजी चारचौघांत त्यांच्याशेजारीच बसायची, वेळेवर पायावर पाय द्यायला. तुमची बायको कुठे बसलीय?"