गरजेचा रकाना

धनाजीराव खानविलकरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण तक्ता काही सुटला नाही. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात, भांडार विभागात, त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं होतं. कारखान्याकडून मागणीपत्र आलं की व्यापाऱ्यांचे भाव मागवायचे, रेघा मारून तौलनिक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी भावाखाली लाल रेघ ओढायची. वॉशर असो की वंगण. आता हरणीच्या सोसायटीत जेवणाच्या टेबलावर जाड पुठ्ठ्याची वही उघडून ते नातेवाइकांच्या मोबाइल रिचार्जचा तक्ता करत. नाव, गरज, कंपनी, दिवस, डेटा, भाव आणि शेवटी रेंज. रेंजवर त्यांचा भर फार. “स्वस्त आहे पण लागत नाही, तर तो प्लॅन नव्हे, दानपेटी,” असं ते म्हणत. अठ्ठावीस दिवसांना महिना म्हणणाऱ्या कंपन्यांवर तर त्यांचा जुना राग होता. कुठल्या पंचांगात असतो हा महिना, असं ते दुकानदारालाच विचारत.

वहीत चौदा माणसं होती. त्यातलं एक नाव निरुपमावहिनींचं.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची, प्रतापसिंहरावांची बायको. दादा गेले त्याला दोन वर्षं झाली. मूलबाळ नाही. घडियाळी पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत, एकामागे एक अशा तीन खोल्यांत त्या एकट्या राहत. दादांसाठी काही करायचं राहून गेलं असं धनाजीरावांना सारखं वाटे, आणि नेमकं काय राहिलं ते आठवत नसे. म्हणून वहिनींच्या फोनचा खर्च त्यांनी आपल्याकडे घेतला.

गेल्या जानेवारीत ते दोन कंपन्यांचे दोन फोन घेऊन त्या तीन खोल्यांत हिंडले होते. पुढच्या खोलीत रेंज, मधल्या खोलीत अंधार आणि रेंज एकाच फोनला, मागे मोरीपाशी एक काडी. दोन्ही फोन वर धरून ते गोल फिरत होते आणि वहिनी चहाचा कप घेऊन त्यांच्यामागे.

“भाऊजी, भूत शोधताय का?”

“नेटवर्क शोधतोय, वहिनी.”

“तेच ते. असतं म्हणतात, दिसत नाही.”

शेवटी मधल्या खोलीतही लागणारी कंपनी त्यांनी निवडली. प्लॅन वर्षाचा, हवं तितकं बोलायचं, डेटा अजिबात नाही. सर्वांत कमी भाव. गरजेच्या रकान्यात त्यांनी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: फक्त बोलणे.

“त्यांना विचारलंत?” नयनाने, त्यांच्या बायकोने, पोळी वाढताना विचारलं होतं.

“विचारायचं काय त्यात? टीव्ही आहे घरात. फोनवर काय बघणार आहेत त्या?”

नयना पुढची पोळी आणायला आत गेली.

प्लॅनचं वर्ष संपायला अकरा दिवस होते. नुकतीच उत्तरायण, पतंगांची संक्रांत, झाली होती, पोळीतल्या तारांवर मांजा लोंबत होता. दुपारी चारच्या सुमारास धनाजीरावांनी स्कूटर नाक्यावर लावली आणि नवा तक्ता बगलेत मारून आत शिरले. यंदा त्यांना आणखी पन्नास रुपयांनी स्वस्त प्लॅन सापडला होता. ते खुशीत होते.

वळणावर अस्मिताबेनचं दुकान आहे, साडीला फॉल-बिडिंग करून देणारं. त्या दुकानाच्या पायरीवर वहिनी बसल्या होत्या. फोन पिकोच्या मशीनला टेकवून उभा केलेला, आणि दोन्ही हात हवेत. हात भराभर चालले होते. बोटं मिटत होती, उघडत होती, एक हात दुसऱ्यावर आपटत होता. येणारे-जाणारे बघत होते आणि वहिनींना त्याचं काही नव्हतं.

पडद्यावर शर्वरी होती. वहिनींची इंदूरची बहीण, जन्मापासून ऐकू न येणारी.

धनाजीराव जागच्या जागी उभे राहिले. शर्वरी त्यांना माहीत नव्हती असं नाही. दादांच्या लग्नात सगळे नाचत असताना ढोलाच्या कातड्यावर तळहात ठेवून उभी राहिलेली ती मुलगी त्यांनी स्वतः पाहिली होती. अक्षरओळख बेताची, दोघी बहिणी लहानपणापासून आपापल्या केलेल्या खुणांनी बोलतात, हेही ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं, आणि गरजेचा रकाना भरताना आठवलं नव्हतं. जगात जिच्याशी बोलायचं ती एकच बहीण, तिला ऐकू येत नाही, आणि त्यांनी वहिनींना वर्षभराचं हवं तितकं बोलणं घेऊन दिलं होतं.

इतक्यात वहिनींनी दोन्ही मुठी कानांच्या वर उंच धरल्या आणि बसल्या बसल्या गोल फिरल्यासारखं केलं. पडद्यावर शर्वरी खो खो हसली. धनाजीरावांना ती खूण ओळखायला क्षणही लागला नाही. ते स्वतःच होते ते.

“आवो ने काका,” अस्मिताबेनने आतून पाहिलं. “बेसो. बेनचा फोन चाललाय.”

वहिनी वळल्या. त्यांनी घाईने फोन उचलला, जणू कुणाची वस्तू हातात सापडली होती. “अरे, भाऊजी. सांगून यायचं की.”

“इथे का बसलात?”

“अस्मिताचं इंटरनेट आहे. ती देते माझ्या फोनला. चार ते साडेचार, गिऱ्हाईक नसतं तेव्हा.”

“रोज?”

“दुकान उघडं असेल तेव्हा.”

“वर्षभर?”

वहिनींनी पदर सावरला. “फार काही नाही हो, पाच पायऱ्या उतरल्या की आलं.”

“मला सांगायचंत.”

“तुम्ही एवढे घरभर फिरलात. स्वतःच्या खिशातून भरलंत. दिलेल्या वस्तूत खोट काय काढायची? आणि वर मी वेगळे पैसे टाकले असते तर कळलंच असतं, माझ्या रिचार्जचा मेसेज तुमच्याच फोनवर येतो ना.”

अस्मिताबेनने सुई बाजूला ठेवली. तिला राहवलं नाही. “काका, दिवाळीत तर बहु खराब थयुं. आम्ही लाभपाचमेपर्यंत, आठवडाभर, बंद. बेन फोन लावू शकेना, आणि तिकडे ती बिचारी घाबरली. चार दिवस वाट पाहिली आणि एकटी आली गाडीने.”

“जाऊ दे गं,” वहिनी म्हणाल्या.

भाऊबीजेनंतर धनाजीराव इथे आले तेव्हा शर्वरी मधल्या खोलीत बसली होती, डोळे सुजलेले. फटाक्यांच्या धुराने, असं त्यांना वाटलं होतं. दिवाळीला बहीण आली, छान झालं, असं ते हातवारे करून मोठ्याने म्हणाले होते, मोठ्याने म्हटलं की तिला ऐकू जाईल असं समजून. तिने आणलेली शेव त्यांनी दोनदा मागून घेतली होती. ती ऐकू न येणारी बाई रात्रभर स्टेशनं मोजत आली होती, बहीण जिवंत आहे का ते पाहायला.

त्यांनी तिथेच, पायरीवर बसून, आपल्या फोनवरून वहिनींच्या नंबरात डेटाचा नवा प्लॅन भरला.

“अजून अकरा दिवस होते की,” वहिनी म्हणाल्या. “वाया घालवलेत.”

त्यांच्या डोळ्यांत हसू होतं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहिनींनी फोन त्यांच्यासमोर धरला. शर्वरी वाट पाहत होती. चाळीस वर्षांच्या नात्यात धनाजीराव तिची एकही खूण शिकले नव्हते. चुकलो, हे तिच्या भाषेत कसं म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हात जोडले. शर्वरीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि बोटांनी काहीतरी विचारलं.

“काय म्हणते?”

“दुसरा फोन कुठे राहिला म्हणते.”

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली. संध्याकाळ उतरत होती, त्यांनी दिवा लावला नाही. चौदा नावं. गरजेच्या रकान्यात चौदाही ठिकाणी त्यांचंच अक्षर. कारखान्यात चौतीस वर्षांत त्यांनी मागणीच्या रकान्याला कधी पेन लावलं नव्हतं. मागणी कारखान्याची, भाव व्यापाऱ्याचा, आपली फक्त रेघ, असं ते नव्या कारकुनांना बजावत. एकदा एका कारकुनाने अंदाजाने आकडा भरला तेव्हा त्यांनी त्याला दिवसभर उभं ठेवलं होतं. घरात मात्र कुणाला काय लागतं ते त्यांनी कुणालाही न विचारता लिहून टाकलं होतं, आणि त्याला ते काळजी म्हणत आले होते.

पहिली ओळ नयनाची होती. गरज: जुजबी. हे त्यांनी कधी लिहिलं तेही त्यांना आठवेना.

त्यांनी खोडरबर घेतलं. पेनाने लिहिलेलं होतं, पुसलं गेलं नाही, कागद मात्र खरवडला. मग वही घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“नयना, तुला काय लागतं?”

“कशात?”

“फोनमध्ये,” ते म्हणाले. आणि वही पुढे करत, “म्हणजे, फोनपासून सुरुवात करू.”

नयनाने वळून त्यांच्याकडे, मग त्या खरवडलेल्या पानाकडे पाहिलं. तिने गॅस बारीक केला.

“बसा,” ती म्हणाली. “वेळ लागेल.”