पाणी गाळायचे फडके आणि अण्णांचे विमान

अण्णांशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. हर्सूलच्या पुढे आमची कॉलनी नव्याने वसली, तेव्हा शेवटच्या गल्लीपलीकडे ज्वारीची राने होती आणि रानाच्या कडेला एक पत्र्याचे शेड. संध्याकाळी त्या शेडमधून असा काही आवाज सुटायचा की ताटातल्या वाट्या थरथरत. कुणी म्हणे गिरणी, कुणी म्हणे खडी फोडायचे मशीन. तक्रार करायला तिघांनी जायचे ठरले. ऐनवेळी दोघांना कामे निघाली आणि मी एकटाच तावातावाने आत शिरलो. समोर विमान! पंख भिंतीला टेकवलेले, नाकाशी उघडे इंजिन आणि त्याखाली आडवे पडलेले एक गृहस्थ. त्यांनी माझी सगळी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "व्हय, आवाज लई हाय. त्याच्यासाठीच तर हे सायलेन्सर बसवायलोय. जरा इकडून धरता का?"

मी धरले. ते आजतागायत सोडलेले नाही.

श्री. रखमाजी कोकरे, म्हणजे आपल्या सर्वांचे अण्णा, यंदा पंच्याहत्तरी पूर्ण करीत आहेत. वडिलांनी जन्मभर मेंढरे वळली, अण्णांनी आयटीआय केले आणि औद्योगिक वसाहतीतल्या टूलरूममध्ये तीस वर्षे लोखंडाला शिस्त लावली. निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रा करतात, अण्णांनी विमान करायला घेतले. इंजिन भंगारात निघालेल्या एका परदेशी मोटारीचे. त्यात पिस्टन नाहीत, फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर गरागरा फिरतो. आकाराने लहान, ताकदीला दांडगे आणि ओरडायला त्याहून दांडगे. परवानगीच्या कागदांसाठी अण्णांनी किती उंबरठे झिजवले ते सांगायला वेगळा लेख लागेल. अखेर ठरावीक हद्दीत चाचणी घेण्याची मुभा मिळाली.

उडवायचे कुठे, हा प्रश्न दुष्काळाने सोडवला. फुलंब्रीच्या अलीकडचा एक पाझर तलाव सलग दुसऱ्या वर्षी कोरडा पडला. आसपासच्या लोकांनी गाळ काढून शेतात नेला आणि ट्रॅक्टर जाऊन येऊन तळ सपाट, टणक झाला. अण्णांना त्याचा आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. "पाऊस पडला तर आपलं गेलं, आणि पडलाच पाहिजे," असे ते म्हणत. म्हणजे जे काही करायचे ते पहिल्या मोठ्या पावसाच्या आत.

त्याच उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या कॉलनीचे बोअर आटले. शेडमधल्या बोअरला तेवढे पाणी होते, गढूळ का होईना. ज्या कॉलनीने अण्णांवर तक्रार धाडली, तिच्यासाठी त्यांनी फाटक उघडले. अण्णांच्या पत्नी गयाबाई वहिनी रांगेवर लक्ष ठेवायच्या. त्यांनी आपले जुने हिरवे लुगडे फाडून त्याचे चौकोनी तुकडे केले आणि प्रत्येक घराला एकेक दिला. "गाळल्याबिगर पिऊ नका बरं का!" त्या दिवसांत आम्हा सगळ्यांच्या खिशात ते हिरवे फडके असायचे आणि उघडे तोंड दिसले की त्यावर ते बांधायची हाताला सवयच लागली होती. हंडा, पिंप, कॅन, काहीही.

तर, विमान तलावात नेले. ताकद मोजायची अण्णांची रीत साधी होती. विमानाची शेपटी दोराने ट्रॅक्टरला बांधायची, मध्ये कापूस तोलायचा लटकता काटा अडकवायचा आणि इंजिन पूर्ण सोडायचे. शेडमध्ये काट्याने दोनशे किलोची ओढ दाखवली होती. तलावात आल्यावर पहिले दोन दिवस तेवढीच भरली. तिसऱ्या दिवशी वावटळ उठली, धुळीने सगळे झाकून गेले, आणि त्यानंतर काटा दीडशेच्या पुढे सरकेना. हळू चालताना इंजिन ठणठणीत, पूर्ण सोडले की धाप लागल्यासारखे व्हायचे.

इथे अण्णांची कार्यपद्धती सांगतो. एका वेळी एकच बदल. बदल करायचा, काटा बघायचा, वहीत लिहायचे, आणि फरक नसेल तर वस्तू होती तशी परत बसवायची. प्लग काढले, ते काजळीने काळे. कार्बोरेटरचे जेट बदलले, काटा तिथेच. प्रोपेलरच्या पात्यांचा कोन कमी केला, इंजिन जरा जोरात फिरले पण ओढ तेवढीच. मग सायलेन्सर आतून ढासळून वाट अडली असेल म्हणून आमचे वेल्डर सलीमभाई यांनी तो कापून उघडला. तो आतून साफ निघाला. "अण्णा, मेरे वेल्डिंग पे शक किया आपने," असे म्हणून सलीमभाईंनी अर्धा दिवस चहा नाकारला.

अण्णांनी मला विचारले होते, "हवेची जाळी बघितली का?" मी म्हणालो, "साफ करून बसवली, अण्णा." त्यांनी वहीत जाळीपुढे खूण केली. माझ्या शब्दावर त्यांनी ती पुन्हा उघडली नाही.

आठव्या दिवशी घरी बायकोने विचारले, "वहिनींनी दिलेलं फडकं कुठं हरवलंत?" आणि मला लख्ख आठवले. वावटळीच्या दिवशी जाळी साफ करायला काढली तेव्हा कार्बोरेटरचे हवा ओढणारे तोंड उघडे राहिले होते. धूळ जाऊ नये म्हणून सवयीने मी त्यावर फडके बांधले. मग जाळी आणून, खाली वाकून, हाताने चाचपत फडक्यावरच बसवून टाकली!

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तलावावर पोहोचलो, फडके काढले, खिशात घातले. कुणाला काही बोललो नाही. मी स्वतः कारखान्याच्या देखभाल विभागातला माणूस, तोंड कुठल्या तोंडाने दाखवायचे?

काटा दोनशेवर गेला. सलीमभाई नाचले, श्रेय अर्थातच त्यांच्या नव्या जोडाचे. "अण्णा, आज हवा अच्छी है, उडा दो!" मीही मान डोलावली. अण्णांनी मात्र इंजिन बंद केले आणि किल्ली खिशात टाकली.

"काल दीडशे, आज दोनशे. मधी काय बदललं?"

मी खिशातल्या फडक्यावर हात ठेवला.

"काय नाय बदललं ना? मग मी उडत नाय. आपोआप बरं झालं ते आपोआप बिघडंल. वर गेल्यावर बिघडलं तर खाली बाभळी हायत."

आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळे सोडायला घेतले. तीन दिवस. साठी ओलांडलेला माणूस तापल्या मुरुमावर पाठ टेकून, न झालेला बिघाड शोधत होता. वैजापूरकडून ढग यायला लागले होते. लोक आभाळाकडे बघून हसत होते आणि मला मात्र ते ढग नकोसे वाटत होते. दुष्काळात पाऊस नकोसा वाटणारा मी एकटाच असेन. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याशेजारी मुरुमावर बसलो आणि खिशातून फडके काढून पुढे ठेवले. "अण्णा, हे कार्बोरेटरवर होतं. मीच बांधलं, मीच काढलं."

अण्णा उठून बसले. हिरवे कापड उचलून उजेडाकडे धरले. मला वाटले, आता बोलणी मिळणार. पण त्यांनी एवढेच विचारले, "कशाला बांधलं होतं?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

"मग बांधलं ते बरोबरच केलं. काढायचं तेवढं राहिलं." आणि फडके माझ्या हातात देऊन, "परत बांध."

मी चक्रावलो. "परत?"

"तू म्हणतोस म्हणून कसं मानू? जाळी साफ हाय हे पण तूच म्हणला होतास." एवढा एकच टोला. मी फडके बांधले. काटा दीडशे. काढले. काटा दोनशे. पुन्हा बांधले, पुन्हा काढले. तेव्हा कुठे अण्णांचा चेहरा खुलला. त्यांनी वही उघडून लिहिले. बिघाड: हवेच्या वाटेत फडके. कारण: धुळीची काळजी. कोणी केले, हा त्यांच्या वहीतला शेवटचा रकाना. त्यात त्यांनी लिहिले: आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उडाले. तलावावर दोन फेऱ्या, बस्स. काठावर चरणारी मेंढरे चौखूर उधळली आणि त्यांच्यामागे धावताना मेंढपाळ वर बघून टोपी हलवीत होते. मी रडलो, सलीमभाईंनी ते पाहिले आणि आजवर कुणाला सांगितलेले नाही. अण्णा उतरल्यावर वहिनी म्हणाल्या, "एवढ्यासाठी इतकी वर्सं?" अण्णा म्हणाले, "परत जाऊ का?" चार दिवसांनी पाऊस कोसळला, तलाव भरला आणि आम्ही बांधावर भिजत उभे राहून आमची धावपट्टी बुडताना आनंदाने पाहिली.

पुढे अण्णा आणखी काही वेळा उडाले. आता शेडच्या चारी बाजूंना इमारती आहेत, ज्वारी गेली, मोकळे रान उरले नाही. विमान शेडमध्येच असते. पण दर खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की अण्णा इंजिन सुरू करतात. त्याआधी सगळ्यांसमोर मला म्हणतात, "बघ रे, आत काही हाय का?" मी कार्बोरेटरच्या तोंडात हात घालून बघतो, आणि आम्ही दोघे पोट धरून हसतो. यात हसण्यासारखे काय आहे, असे आपण सगळे दरवर्षी विचारता. ते हे.

अण्णांनी माझे नाव कधीच, कुणाला सांगितले नाही. या गौरवग्रंथात ते मीच सांगतो आहे, त्यांच्या परवानगीशिवाय. अण्णा, त्या शेवटच्या रकान्यात आज माझे नाव लिहा.

आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. श्वास मोकळा राहो, गुडघे साथ देवोत, वहिनींचा हात पाठीशी असो. आपल्या शंभराव्या वर्षीच्या खंडेनवमीलाही मला त्या तोंडात हात घालायला लावा. मी येईन, आणि खिशात फडके असेल.