रांगोळीने काढलेली बांधी

"तुम्ही लाभार्थी व्हा. तुम्हाला अभिनय करायची गरज नाही."

सर बोलले आणि वर्ग हसला. समाजकार्याच्या पदवीचं, एमएसडब्ल्यूचं पहिलं वर्ष होतं. मुलाखत कशी घ्यायची याचा सराव चालला होता. एकीने कार्यकर्ती व्हायचं, दुसरीने लाभार्थी. बाकीच्या मुली बावीस-तेवीसच्या. मी बेचाळीसची. सिंदेवाहीकडच्या बौद्ध शेतमजुराची मुलगी, पंधरा वर्षं आशा सेविका म्हणून दारोदार फिरलेली. सर पुण्याहून आलेले, वयाने माझ्यापेक्षा लहान.

मी खुर्चीवर बसले. समोरच्या मुलीने विचारलं, घरात दारू कोण पितं? मी खरं सांगितलं. भाऊ प्यायचा, त्यातच मेला. सरावात खोटं उत्तर चालतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी ते फळ्यावर लिहून घेतलं. वर लिहिलं 'केस'. खाली माझं घर. मुलींनी ते वहीत उतरवलं.

पुढच्या सरावालाही लाभार्थी मीच झाले. डिग्री हवी होती. दुसऱ्यांचे फॉर्म भरून माझी पंधरा वर्षं गेली होती. ते फॉर्म कशाला भरायचे हे ठरवणाऱ्यांत मला बसायचं होतं.

दुसऱ्या वर्षी शिबिर लागलं. आरमोरीच्या पुढे, जंगलात आत एक गाव. धान कापून झालं होतं. गाडी गावात शिरली तशी माणसं दारातून आत गेली. एका म्हाताऱ्याने गाडीचा नंबर पाहिला, दोनदा वाचला. त्या गावात वनखात्याची नाहीतर पोलिसांची गाडी आली की काहीतरी जातं. कधी बैल, कधी कुऱ्हाड, कधी माणूस.

सर म्हणाले, "तुम्ही बोला. तुम्हाला ते घाबरणार नाहीत."

मी बोलले. माझं बोलणं ऐकून बाया बाहेर आल्या. समाजमंदिराच्या अंगणात आम्ही गावाचा नकाशा काढायला घेतला. शिकवतात तसाच, जमिनीवर. रस्त्याला चुना, ओढ्याला नीळ, जंगलाला पाला. शेताला रांगोळी. इथं धानाच्या शेताला बांधी म्हणतात. जंगलालगतच्या बांध्या बापजाद्यांपासून कसतात, पण वनहक्काचे पट्टे मिळालेले नाहीत. दावे कार्यालयात पडून आहेत. हे मला माहीत होतं.

सरांनी सांगितलं, प्रत्येक बांधीजवळ नाव लिहा.

"नाव कशाला, सर?"

"अहवालात लागतं."

मी पुढे विचारलं नाही. आणि बायांनी तर मला थांबूच दिलं नाही. घरकुलाच्या यादीतून नाव सुटलं की घर हातचं जातं, हे त्या गावाने सोसलेलं. कागद दिसला की आपलं नाव त्यावर हवंच, अशी घाई.

"माहं राह्यलं, बाई!"

"मले इसरली का वं?"

यमुनाबाई पुढे सरकली. साठीची गोंड बाई, एकटी. तिची बांधी ओढ्याच्या काठाला, अर्धा एकरही नसेल. मी काढलेला चौकोन तिने पाहिला.

"माही बांधी एवढुशी काऊन काढली? मोठी काढ न. सरकार देऊन राह्यलं त हात कायले आखडते?"

"पाटलीण झाली वं यमुना!" मागून कुणी ओरडलं.

"होऊ दे न. कागदावर त होऊ दे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि मूठभर रांगोळी जास्त टाकली. चौकोन पाल्याच्या जंगलात चार बोटं आत गेला. एका मुलीने मोबाईलवर फोटो काढला. दुसरीने सगळं चार्टवर उतरवलं, नावांसकट.

तीन महिन्यांनी यमुनाबाई कॉलेजच्या फाटकाशी उभी होती. हातात वनखात्याची नोटीस. मी वाचून दाखवली. जागेत वाढ करून जंगल तोडलेलं दिसतं, पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर जागा रिकामी करा. सोबत आमचा नकाशा जोडला होता. सरांचा अहवाल वनखात्याच्या कार्यालयात गेला होता. बायांनी ज्याला बांधी म्हटलं, त्याला अहवालात 'अतिक्रमित क्षेत्र' असं नाव होतं.

"तूच टाकली न रांगोळी," ती म्हणाली. "मी त हासून राह्यली होती."

आवाज चढवला नाही तिने. एवढं बोलली आणि बसस्टँडकडे निघून गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी सरांकडे गेले. त्यांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. 'सदर नकाशा ग्रामस्थांनी दिलेल्या अचूक माहितीवर आधारित आहे.' खाली माझं नाव. नावापुढे 'स्थानिक माहितगार'. मी अहवाल मागून घेतला आणि चाळला. विद्यार्थिनींच्या यादीत सगळ्या होत्या. मी नव्हते. मी शेवटच्या पानावर होते, सरपंच आणि कोतवालाच्या खाली.

"सही करा. लोक तुमच्याशीच बोलले."

"माहिती अचूक नव्हती. मुठीने टाकली होती. हसण्यावारी."

"हे आता बोलू नका. समाजकार्यात तटस्थ राहावं लागतं."

"सही करत नाही."

"फिल्डवर्कचे मार्क माझ्याकडे आहेत. विचार करा."

"केला."

कागद तिथेच ठेवून मी बाहेर आले.

त्यानंतर गावात गेले. कुणी बसायला बाज टाकली नाही. दारं लागली. एका घरातून आवाज आला, "पुन्हा नावं लेहाले आली का?" रस्त्यात एक मोटारसायकल माझ्या मागेमागे आली, सडकेला लागेपर्यंत. आता कॉलेजातून फोन येतात. घराचा विचार करा. वयाचा विचार करा. एका फोनवर कुणी बोलतच नाही, नुसता श्वास ऐकू येतो.

सोमवारी त्या नोटिशीवर सुनावणी आहे. माझं निवेदन मी हाताने लिहिलं आहे. जमीन मोजली नव्हती. टेप नव्हता, साखळी नव्हती. जंगल एक झाडभरही तुटलं नव्हतं, माझी मूठ सैल पडली होती. नावं मी विचारली, म्हणून त्यांनी सांगितली. ती कुठं जाणार हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण मीच ते विचारून घेतलं नव्हतं. हा दोष माझा, आणि तो मी शब्द न गाळता लिहिला आहे. अहवाल कुणी दिला, तेही लिहिलं आहे.

बायांनी जीप ठरवली आहे. त्यात मला जागा नाही, असा निरोप आला. बरोबर आहे त्यांचं. मी सकाळच्या पहिल्या एसटीने जाणार आहे. यमुनाबाईचं नाव पुकारलं की उठणार आहे. खाली बस म्हणाले तरी बसणार नाही.