वटारची फ्रेंच शिकवणी

फ्रेंचच्या वर्गात एकच विद्यार्थी उरला होता, तो म्हणजे मी, आणि त्या दिवशी तोही घोरला. वालीवच्या आमच्या कारखान्यात फ्रेंच यंत्र येणार म्हणून आम्ही चौघांनी वटारच्या एका निवृत्त मास्तरांची शिकवणी धरली होती. यंत्र काही आलं नाही, तिघे गळाले. मीही सोडतो, हे सांगायलाच त्या संध्याकाळी गेलो होतो.

मास्तर सुकेळ्यांसाठी पिकली केळी सोलता सोलता शिकवत. "जुनी सवय सांगायचीय? मग हा अपूर्ण भूतकाळ. 'आम्ही बोलतो'चं रूप घ्या, नू पार्लों. शेवटचं 'ओं' सोलून टाका. उरलं पार्ल. त्याला 'ए' लावा. झ पार्ले, म्हणजे मी बोलत असे. आहे काय त्यात!" ऐकता ऐकता दिवसपाळीचा शीण माझ्या डोळ्यांवर उतरला.

चर्चच्या घंटेनं जाग आली तेव्हा केळी सोलून संपली होती. मास्तरांनी मला उठवलं नव्हतं. माझ्या वहीत सगळी रूपं सुबक अक्षरात लिहिली होती आणि खाली एक फ्रेंच वाक्य, मराठी अर्थासकट: 'तो दमून यायचा, तरी यायचा.'

"उद्या येताय ना?" त्यांनी साली गोळा करत, माझ्याकडे न बघता विचारलं.

"हो सर," माझ्या तोंडून निघून गेलं.

घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "अहो, मग उद्या आधी तासभर झोप काढून जा. एकच विद्यार्थी उरलाय त्यांना, तो जागा तरी असू दे."