गोळ्या निवडणारे काका

“हात मागे,” असं म्हणूनच काका गोळ्यांची पेटी उघडत. मी मुकाट्याने दोन्ही हात पाठीशी बांधून उभा राहत असे, शाळेत बाई उभं करायच्या तसा. मी विद्यार्थी व्हिसावर आलेलो. अशा माणसाने बंदुकीच्या गोळीला बोटही लावायचं नाही, असा इथला कायदा. हे मला विद्यापीठात कुणी सांगितलं नव्हतं, काकांनी सांगितलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परदेशात काय चालतं आणि काय चालत नाही, हे विचारायला मला दुसरं कुणी नव्हतं.

नोव्हाय गावात माझ्या अपार्टमेंटच्या मागच्याच रस्त्यावर त्यांचं घर होतं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करून ते निवृत्त झाले होते. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा कॅलिफोर्नियात. गणपतीच्या कार्यक्रमात मी ताट घेऊन एकटाच भिंतीशी उभा होतो, तेही तिथेच उभे होते. ओळख झाली ती अशी.

मराठी माणसाने पिस्तूल बाळगावं याची आमच्या मंडळींना गंमत वाटे. त्यांच्यातल्या एक काकू म्हणाल्या, “तुमच्याकडे चहाला यायचं तर हेल्मेट घालून यावं लागेल.”

“या तर खरं. हेल्मेट मी देतो,” काका म्हणाले.

कुणी आलं नाही.

तुम्हाला वाटेल, गोळी ती गोळी, त्यात निवडायचं काय? मलाही तसंच वाटलं होतं. काका पिस्तुलाची काडतुसं घरीच भरत. तळघरातल्या टेबलावर स्टीलचं एक ताट असे. त्याच्या काठावर काकूंनी लाल नेलपॉलिशने लिहून ठेवलं होतं, ‘जेवायचं नाही’. शिसं पोटात गेलेलं वाईट. काका त्या ताटात शिशाच्या ओतीव गोळ्या पसरत आणि तांदूळ निवडावेत तशा एकेक करून निवडत.

“सगळे नाक बघतात,” ते म्हणत. “तू बूड बघ.”

बूड सपाट हवं, त्याची कड पूर्ण हवी. तिथे टवका उडालेला असला की गोळी वाट सोडते. नाक गोल हवं, पण ते एवढ्याचसाठी की पिस्तूल पुढचं काडतूस आपोआप आत ओढतं तेव्हा ते अडकू नये. मग नखाने शिसं दाबून बघायचं. कडक ती चांगली असं दुकानदार सांगतात. काकांना ते पटत नसे. माप जुळत नसेल तर कडक गोळीचंही शिसं नळीला चिकटत जातं, असं त्यांचं म्हणणं. ही सवय इतकी अंगात मुरलेली की इंडियन ग्रोसरीत ते वांगीसुद्धा उलटी करून बघत.

काडतूस भरून झालं की पिस्तुलाची सुटी काढलेली नळी उभी धरत आणि ते तिच्यात सोडत. टप्प असा आवाज आला की डोळे मिटून मान हलवत. एक अडलं की सगळा घाणा पुन्हा तपासायचा. मग दोघांनीही साबणाने हात धुवायचे, मी कशालाही हात लावलेला नसला तरी. त्यानंतर पोहे.

पन्नास काडतुसं भरायला त्यांना आठवडा लागे, आणि शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर ती उडवायला जेमतेम अर्धा तास. उरलेली दुपार ते तिथल्या बाकावर बसून काढत. तिथे त्यांना नावाने हाक मारणारी तीन-चार माणसं होती.

मुलगा दर रविवारी फोनवर तेच म्हणे, बाबा, इकडे या. काका एकदा महिनाभर राहूनही आले होते. घर छान होतं म्हणाले, पण सगळे दिवसभर बाहेर, आणि आपल्याला कपबशीसुद्धा विचारून घ्यावी लागते. शेवटी बापलेकांचं ठरलं होतं: डोकं ठिकाणावर आहे तोवर काकांनी इथेच राहायचं. “एक दिवस गॅस बंद करायला विसरलो की मी त्याच्या ताब्यात,” असं ते हसत सांगत. हसत सांगत, पण वर जाऊन गॅस दोनदा बघून येत.

२००६च्या फेब्रुवारीत माझी पीएचडीची पात्रता परीक्षा होती. सोमवारी त्यांचा फोन आला.

“गोळ्या संपल्यात रे. गाडी बर्फातून निघत नाहीये. दुकानात नेतोस का?”

माझ्या डोळ्यांसमोर ते ताट आलं. एवढ्या थंडीत गोळ्यांवाचून काय अडलंय, असंही मनात आलं. ते लपवत नाही. मी म्हणालो, शुक्रवारी पेपर आहे काका, शनिवारी नक्की जाऊ.

“चालेल, चालेल. तू अभ्यास कर.”

गुरुवारी ते टपालपेटीपाशी पडलेले शेजारच्या बाईला दिसले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाबाचं औषध चार दिवस घेतलेलं नाही. त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं, आणि इंग्रजीत या दोन गोळ्यांना दोन वेगळे शब्द आहेत. तेव्हा मला कळलं.

मुलगा रात्रभर प्रवास करून आला. वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. “बाबा, कुणाला तरी कॉल करायचा ना? हा इथेच तर राहतो.”

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. बोलायला हवं होतं ते मी. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“लक्षातच राहिलं नाही,” ते म्हणाले. “गोळ्यांचंही आणि फोनचंही.”

मुलाने खाली बघितलं. त्याला ज्याची भीती होती तेच त्याने ऐकलं होतं. मी तेव्हाही बोललो नाही.

मार्चअखेर घर विकलं गेलं. पिस्तूल रेंजवरच्या एका मित्राने घेतलं.

जूनमध्ये मी कॅलिफोर्नियाला फोन केला. पास झालो म्हणून सांगितलं. त्यांना खूप आनंद झाला. तिकडचा बर्फ वितळला का, असं त्यांनी विचारलं. मी धीर केला आणि म्हणालो, “काका, त्या सोमवारी तुम्ही मला फोन केला होतात…”

“कुठला फोन?”

अगदी सरळ विचारलं त्यांनी. ते मला सांभाळून घेत होते की खरंच विसरले होते, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांच्याशी झालेलं माझं ते शेवटचं बोलणं. पलीकडे टीव्ही चालू होता. बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.