तोरणमाळ आणि माझी ॲसिडिटी

शर्टाच्या खिशात एक थाप घेऊन मी शहाद्याहून तोरणमाळला निघालो. थाप म्हणजे छोटी पांढरी गोळी. मन सारखं उदास राहतं म्हणून नाशिकच्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी सुरू केलेली. घरादाराला हसवायचं कंत्राट माझ्याकडे. त्यानेच असली गोळी खायची म्हणजे पंचाईत. म्हणून बायकोला, सुमनला, सांगून ठेवलं होतं की ॲसिडिटीची आहे.

त्यामुळे आदल्या दिवशी शहाद्याला साडूंकडे सगळे लालभडक शेवभाजीवर तुटून पडले असताना माझ्यापुढे वरणभात आला. "ह्यांना तिखट चालत नाही," सुमनने जाहीर केलं.

साडू म्हणजे दिलीपभाऊ, केळीचे बागायतदार. गाडी तेच चालवत होते. मला कोरडा खोकला लागला होता, म्हणून त्यांच्या घरातल्या बाटलीतलं औषध मी कालपासून घोटघोट पीत होतो. घाटाच्या वळणांनी कंबरही धरली.

"मन्हाकडे गोई (गोळी) शे," दिलीपभाऊ म्हणाले. "मन्ही कंबर तिन्हावरच उभी शे. खाई ल्या, काय बी व्हत नई."

खाल्ली.

वर पोचलो तर भरदुपारी पठार धुक्याने गिळलेलं. जेवून तळ्याकडे चालू लागलो. झाडं नुसती बुंध्यापुरती उरलेली. पाणी दिसत नव्हतं, त्याचा गारवा तेवढा तोंडावर येत होता. सुमन आणि दिलीपभाऊ माझ्यापुढे दहा पावलांवर होते. ते धुक्यात शिरले आणि त्यांचं बोलणं मला मागून ऐकू येऊ लागलं.

मी थांबलो. माझा डावा पाय थांबला नाही. तो जागच्या जागी थडथडत होता. एवढ्या गारठ्यात सदरा घामाने भिजला. दातखिळी बसल्यागत झाली, छाती धडधडू लागली. प्रत्येक बुंध्याआड कुणीतरी अंग चोरून उभं आहे असं वाटे. पाय माझाच, पण हलवणारं दुसरंच कुणी.

हाक मारली तशी दोघं परत आली. माझ्याकडे बघून दिलीपभाऊंचा चेहरा उतरला. "भाऊले बाहेरनं काई लागनं का?"

तेवढ्यात काठाकडून डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेली एक बाई आली. पावलांचा आवाज नाही. तिने सरळ माझं मनगट धरलं. मी ओरडणारच होतो, पण तिच्या काखेत आरोग्य केंद्राची पिशवी दिसली. घरभेटीला निघालेली नर्स होती ती.

"आज काय काय घेतलं?"

दिलीपभाऊंनी गोळीचं पाकीट दाखवलं, खोकल्याचं औषधही सांगितलं.

"आणि रोजची गोळी कोणती?"

"ॲसिडिटीची," सुमन म्हणाली.

नर्सने तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या डोळ्यांत बघत तिने पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात. धुकं आणखी जवळ आलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"उदासीची," मी म्हणालो आणि खिशातली गोळी काढून दिली. सुमनचा हात माझ्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला, फक्त जड झाला.

केंद्रातल्या डॉक्टरांनी तिन्ही औषधं समोर मांडली. "कंबरेची गोळी म्हणजे ट्रॅमाडॉल. ती, हे खोकल्याचं औषध आणि तुमची रोजची गोळी मिळून मेंदूतलं एकच रसायन भलतंच वाढवतात. ताप चढून झटके आले असते. जीवही गेला असता." सलाईन लावून त्यांनी मला रुग्णवाहिकेने खाली शहाद्याला धाडलं. वर बजावलं, "पुढे खोकल्याचं असो की जडीबुटी, आधी डॉक्टरला विचारायचं आणि रोजची गोळी सांगायची. घाबरून तीही मनाने बंद करू नका, कधी घ्यायची ते आम्ही सांगू."

दिलीपभाऊ दोन दिवस माझ्या खाटेशी बसून होते. "मीच मारी टाकतू तुमले," एवढंच परत परत म्हणत. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? सांगणारा गप्प बसला होता.

आम्ही दोघं एसटीने नाशिकला परतलो. घराचं कुलूप उघडताना सुमन म्हणाली, "वर्षभर मी भाजीत मिरची घातली नाही."

त्या दिवशी तिने शेवभाजी केली. शहाद्याहून आणलेल्या मसाल्याची, तर्रीदार. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"तिखट झाली?"

"नाही," मी म्हणालो. या खेपेला खरं सांगितलं.