लग्न मुलाकडे

१९७४ च्या नोव्हेंबरात, कार्तिकातल्या द्वादशीच्या संध्याकाळी, नागपुरातल्या महाल भागात आमच्या गल्लीतल्या एका तुळशीचं लग्न नवरदेवाच्या घरी लागलं. एरवी ते मुलीच्या अंगणात, म्हणजे जिथं तुळस असेल तिथंच लागतं. त्या वर्षी वधू सायकलरिक्षात बसून अकरा घरं ओलांडून गेली.

वधूची आई म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनी. त्या घरी ब्लाउज शिवायच्या. मी ज्या दैनिकात उपसंपादक होतो, त्याच्याच छापखान्यात त्यांचे यजमान छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे. माझं अक्षर एका दमात वाचणारे तेवढे एकच होते. सप्टेंबरात त्यांच्या पोटात गाठ निघाली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण अंगात रक्त कमी असल्यामुळे गाठ पूर्ण काढता आली नाही. दुसरं ऑपरेशन द्वादशीनंतरच्या शुक्रवारी ठरलं. त्यासाठीची रक्कम गुरुवारी दुपारपर्यंत भरायची होती. औषधांची नवी चिठ्ठी तर रोजच हातात पडत होती.

छापखान्यातले आम्ही तिघं वर्गणीचं पाकीट घेऊन गेलो. वहिनींनी चहा दिला. पाकीट न उघडता माझ्यासमोर सरकवलं.

"भाऊजी, हे बरे होऊन कामावर येतील न, तेव्हा तुमच्यासमोर मान खाली घालून खिळे जुळवतील. मले तसं नाही पाहिजे."

"आत्ताही मान खाली घालूनच जुळवतात की," आमच्यातला एक म्हणाला.

"ते खिळ्यांसाठी घालतात," वहिनी म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड राहत. त्यांच्या पत्नीला सगळे गार्डीणबाई म्हणत. त्यांनी डब्यातून भाजी पाठवायला सुरुवात केली. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून वहिनी तो शंकरपाळ्यांनी भरून पाठवत. चार दिवसांनी गार्डीणबाईंनी माझ्या दारात येऊन तक्रार नोंदवली.

"मी तिले भाजी पाठवून राहिली का तिच्याकडून फराळ मागवून राहिली, मलेच समजून नाही राहिलं गा."

द्वादशीच्या आदल्या रविवारी वहिनींनी गल्लीत दोन गोष्टी सांगितल्या. यंदा तुळशीचं लग्न करणार नाही. आणि कन्हानचा एक शिंपी मंगळवारी संध्याकाळी येऊन शिलाई मशीन घेऊन जाणार आहे, पैसे रोख देणार आहे. त्या मशीनवर घर चालत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. यजमान अंथरुणावरून कधी उठतील हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

गार्डीणबाईंच्या देवघरातला बाळकृष्ण बारा वर्षं या तुळशीचा नवरदेव होता. त्या तडक वहिनींच्या दारात आल्या.

"काहून वं, माह्या पोराचं ठरलेलं लगन मोडून राहिली तू?"

"मावशी, घरात काय चालू आहे ते तुम्हाले माहीत आहे. मांडव घालू का दवाखान्यात पेज नेऊ?"

"तू नको घालू. लगन मुलाकडे."

आमच्या भागात ही रीत आहे. मुलीकडच्यांची अडचण असली की लग्न मुलाकडे करतात. मांडव, वाजंत्री, जेवण सगळं मुलाकडचे पाहतात. मुलीकडच्यांनी फक्त मुलीला घेऊन यायचं. त्यात कुणाला कमीपणा येत नाही. वहिनींचं स्वतःचं लग्नही तसंच झालं होतं, आणि हे गार्डीणबाईंना ठाऊक होतं. वहिनींना नाही म्हणायला जागा उरली नाही. वहिनींनी परत केलेलं पाकीट माझ्याकडेच होतं, ते मी त्याच दुपारी गार्डीणबाईंकडे दिलं. त्या दोन दिवसांत त्यांच्याकडे गल्लीतली बरीच माणसं येऊन गेली.

मंगळवारी, द्वादशीला, पाच वाजता अडचण निघाली. वृंदावन विटांचं होतं, हलवता येण्यासारखं नव्हतं. तुळस उपटायला वहिनी तयार नव्हत्या. बुंध्याशी उगवलेलं वीतभर रोप मातीसकट काढून तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. डब्याला हिरवं खणाचं कापड गुंडाळलं. हे चाललं असतानाच कन्हानचा शिंपी रिक्षा घेऊन दारात उभा राहिला.

"मशीन न्यायले आलो होतो."

"आधी मुलगी जाईल, मंग मशीन," गार्डीणबाई म्हणाल्या. "रिक्षा सजवा रे."

रिक्षाला झेंडूच्या माळा लागल्या. सीटवर डबा, पुढं दोन ताशेवाले, मागं गल्ली. शिंपी आपल्या रिक्षामागून चालत राहिला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मुलाकडचे दारात उभे होते. त्यांच्यातल्या एका बाईनं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "नवरी काळी दिसते वं."

वहिनींनी पदर खोचला. "नवरदेव पितळेचा आहे, आम्ही काही म्हटलं का? आमची मुलगी मातीतली आहे."

मांडवात हशा झाला. मुलीकडच्यांच्या बाजूला माणसं कमी होती. मुलीमागे उभा राहायला मामा नव्हता. वहिनींना भाऊ नाही. गार्डीणबाईंनी मांडवभर नजर फिरवली आणि शिंप्याला दंडाला धरून डब्यामागे उभं केलं.

"मी कन्हानचा आहे बाई."

"कन्हानच्या लोकांले बहिणी नसतात का? उभा राय."

त्यानं डबा दोन्ही हातांनी धरला. अंतरपाटाचं एक टोक माझ्याकडे होतं. पाच मंगलाष्टकं झाली. शेवटचं गार्डसाहेबांनी म्हटलं आणि सवयीप्रमाणे शेवटी शिट्टी वाजवली. अक्षता पडल्या, ताशे वाजले.

मग गार्डीणबाई वहिनींची ओटी भरायला बसल्या. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. भरलेली ओटी कुणी परत करत नाही. नवरा आजारी असलेली बाई तर नाहीच. वहिनींनी पदर पुढे धरला. तिसऱ्या ओंजळीला पदर खाली ओढला गेला.

"मावशी, हे काय आहे?"

"तांदूळ."

"तांदूळ एवढे जड असतात?"

"जुने आहेत."

वहिनींनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि त्या हसायला लागल्या. सप्टेंबरपासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांनी पदर धरल्यामुळे डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. ते काम गार्डीणबाईंनी केलं.

पुरी, वांग्याची भाजी आणि बुंदी असं जेवण होतं. शिंपी मुलीकडच्यांच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसला. त्याला आग्रह करकरून वाढलं. जेवण झाल्यावर त्यानं हळूच विषय काढला.

"ते मशीनचं..."

"भाचीच्या लगनातून मशीन उचलून नेतोस काय गा?" गार्डीणबाईंनी विचारलं.

त्यानं वहिनींकडे पाहिलं. "चांगली चालते?"

"चालते."

"मंग चालू द्या," तो म्हणाला. डब्यापुढं रुपया ठेवून त्यानं नमस्कार केला, बुंदीचा पुडा घेतला आणि कन्हानची बस गाठायला निघून गेला.

ओटीत किती होतं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी बोरं, आवळे आणि उसाचे तुकडे घेऊन दवाखान्यात गेल्या. मी सोबत होतो. यजमानांना फक्त पेज चालत होती. त्यांनी एक आवळा हातात घेऊन ठेवला आणि सगळी हकीकत दोनदा ऐकली.

"मुलगी दिली कोणाकडे म्हणतेस?"

"गार्डीणबाईकडे."

"मंग सासुरवास आहे तिले," ते म्हणाले. पहिल्या ऑपरेशनची जखम अजून दुखत होती म्हणून नर्सनं त्यांना हसायला मनाई केली.

गुरुवारी बाराच्या आत वहिनींनी रक्कम भरली. ऑपरेशन शुक्रवारी सकाळी झालं आणि अडीच तास चाललं. गाठ पूर्ण निघाली. तपासणीचा अहवाल पुढच्या गुरुवारी आला; गाठ साधी होती. त्यानंतर सहाव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. जानेवारीच्या अखेरीस ते सकाळच्या पाळीत कामावर आले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी दीड कॉलम जुळवला.